डुशेनच्या पोराला दम लागला तर कधी निघायचं आणि दवाखान्यात काय सांगायचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहिते. गंगाखेड तालुक्यातलं गाव, पोरगा 19 वर्षांचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (जन्मापासूनचा, स्नायूंची ताकद हळूहळू जाणारा आजार), दोन वर्षं झाली रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा आत ढकलणारं मशीन, लावता. श्रावणात सर्दी झाली, छातीत बेडका घुरघुरायला लागला, जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाचं मशीन 99 दाखवायला लागलं, सगळे म्हणले आता बरंय, आणि पोरगं मात्र गुंगत गेलं, हाक मारली तर नुसतं हूं. मग रात्री एक वाजता नांदेडला पळवलं, पाच दिवस आयसीयू. आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळेस कधी निघायचं, कुठं जायचं, आणि डॉक्टरला असं काय सांगायचं की तो चिडणार नाही आणि ऐकेल पण.

मी भूलतज्ज्ञ आहे, वीस वर्षांच्या वर झाली मराठवाड्यातच आयसीयू बघते. तुमच्या लेकरासोबत जे झालं ते मी बऱ्याच वेळा पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या वर्षात माझ्या हातून पण हेच झालं होतं. कमी आकडा दिसला की ऑक्सिजन वाढवायचा, एवढंच हाताला वळण होतं. ती चूक मला अजून आठवते म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी मुद्द्याचं समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. तुमच्या पोराचं फुप्फुस नाही बिघडलेलं, भाता थकलाय. लोहाराचा भाता कसा, कातडं चांगलं आहे, कोळसा पण आहे, पण दाबणाऱ्याच्या हातात जोर नाही, तर विस्तव फुलणार कसा. श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन आत घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकायचा. बाहेरून ऑक्सिजन भरपूर दिला तर अर्धामुर्धा श्वास घेतला तरी तो रक्तात चढतो, म्हणून बोटावर 99 येतं. पण कार्बन डायऑक्साईड बाहेर जायला हवा खरोखर हलावी लागते, आणि हलवणारे स्नायूच दमलेत. मग तो रक्तात साठत जातो, डोकं जड होतं, गुंगी येते, गुंगीनं श्वास अजून उथळ होतो आणि अजून साठतो. चांगल्या माणसात हा आकडा 35 ते 45 असतो, मी अशा पोरांमध्ये शंभराच्या वर गेलेला पाहिलाय, आणि समोर मॉनिटरवर ऑक्सिजन 99. बोटाचं मशीन कार्बन डायऑक्साईड मोजतच नाही. तो मोजायला मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी नावाची तपासणी करावी लागते.

आपल्याकडच्या डॉक्टरला हे पटवायचं असेल तर मी एक गोष्ट सांगायला सांगते, मण्यारीची. ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरनं मण्यार चावलेला शेतकरी पाहिलेला असतो. डोळ्याच्या पापण्या पडतात, मान पडते, मग श्वास थांबतो, आणि तोवर फुप्फुस एकदम चकाचक असतं. तिथं कोणी नुसता ऑक्सिजन लावून बसत नाही, अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून हवा द्यायची पिशवी, दाबत दाबत मोठ्या दवाखान्यात नेतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की इथं हवा आत ढकलावी लागते. तुमच्या पोराचं कारण वेगळं, पण दुखणं त्याच जागेवर आहे. "सर, याचं मण्यारीसारखं आहे, फुप्फुस बरंय, स्नायूत ताकद नाही, ऑक्सिजन नुसता दिला तर गुंगतो, बायपॅप लागतो." एवढं एक वाक्य पाठ करा, घरातल्या सगळ्यांनी.

आणि हे काही नवीन ज्ञान नाही बरं का. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती, ब्लेगडॅम हॉस्पिटलात रोज श्वासाचे पेशंट यायचे आणि बरेच दगावायचे. ब्यॉर्न इब्सेन नावाचा भूलतज्ज्ञ होता, त्यानं 12 वर्षांच्या एका मरायला टेकलेल्या पोरीच्या गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबून हवा दिली आणि पोरगी वाचली. मग मेडिकल कॉलेजची शेकडो पोरं पाळ्या लावून कित्येक आठवडे पिशव्या दाबत बसली. आजचे आयसीयू त्यातनं निघालेत. मला ही गोष्ट फार जवळची वाटते कारण तिथंही अडचण हीच होती, कार्बन डायऑक्साईड साठत होता आणि लोकांना कळत नव्हतं.

आता घरी कसं ओळखायचं. इथं लोक फसतात, कारण आपण दम लागलेला माणूस म्हणजे छाती भात्यासारखी वरखाली होणारा, धापा टाकणारा असा बघितलेला असतो. या पोरांना धापा टाकायला सुद्धा ताकद नसते. शांत पडलेलं दिसतं, आणि घरचे म्हणतात झोपलंय, झोपू द्या. तुम्ही वेगळ्या गोष्टी बघा. बोलताना वाक्य तुटतंय का, "मला पाणी दे" म्हणायला दोनदा थांबतोय का. एका श्वासात एक, दोन, तीन मोजायला लावा, सावकाश, मध्ये श्वास न घेता. बरा असतो तेव्हा किती मोजतो ते आजच वहीत लिहून ठेवा, समजा 22 पर्यंत जातो, आणि आजारपणात 10-12 वर आला तर ते फार मोठं उतरणं आहे, बोटावर आकडा काही का असेना. आडवं झोपवलं की नको म्हणतो, बसवा बसवा म्हणतो, ही पण खूण. श्वास घेताना पोट बाहेर यायच्या ऐवजी आत जातंय का, अंगात शर्ट नसताना दिव्याच्या उजेडात एक मिनिट नुसतं बघा, दिसतं ते. मानेचे स्नायू ताणलेले, कपाळावर घाम, सकाळी डोकं दुखतं, दिवसा नको तेवढी झोप, आधी रात्री मशीन आठ तास लागायचं आणि आज दिवसा पण काढू देत नाही. खोकला आला तर त्यात आवाजच नाही, नुसतं खं, बेडका घशापाशी येऊन परत जातो.

बोटाच्या मशीनचा एक नियम ठेवा. ऑक्सिजन न लावता, साध्या हवेवर, बायपॅपवर असला तरी चालेल, 95 च्या खाली आलं की समजायचं एकतर बेडका अडकलाय नाहीतर हवा पुरत नाहीये. ऑक्सिजन चालू असताना त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. 95 च्या खाली आला की आधी बायपॅप लावा, कफ असिस्ट (खोकून बेडका काढायला मदत करणारं) मशीन असेल तर ते करा, नसेल तर अंबू बॅगनं दोन-तीन दाब लागोपाठ आत भरून घ्यायला लावा, मध्ये सोडायचं नाही, छाती फुगली की बरगड्यांच्या खाली दोन्ही हात ठेवून त्याच्या खोकल्याच्या ठेक्यावर वर दाबा. जेवल्यावर लगेच करायचं नाही, उलटी होते. हे तुमच्या फिजिओकडून एकदा हातानं शिकून घ्या, वाचून येत नाही. अर्ध्या तासात आकडा 95 वर परत येऊन टिकला तर ठीक, डॉक्टरला फोन करून सांगा. नाही आला, किंवा नव्वदीच्या आसपास घुटमळतोय, किंवा गुंगी, किंवा ओठ निळसर, किंवा तो स्वतःच म्हणतोय की मला जमत नाहीये, तर निघा. उद्या सकाळी बघू, ओपीडीला दाखवू, असं करू नका. तो जमत नाही म्हणतोय याला मी सगळ्या आकड्यांच्या वर धरते. अठरा-एकोणीस वर्षं तो या शरीरात राहतोय, त्याला आपल्या आधी कळतं.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. डुशेनचं पोरगं खुर्चीवरून पडलं, पाय आपटला, आणि मग त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसात अचानक दम लागला, बडबडायला लागलं, तर त्याला निमोनिया म्हणून सोडू नका. हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते, कधीकधी हाड मोडलेलं नसताना सुद्धा. पडल्याचं डॉक्टरला आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

निघताना काय न्यायचं. बायपॅप मशीन, त्याची नळी, त्याचा स्वतःचा मास्क, वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, अंबू बॅग, औषधांच्या पट्ट्या, जुनी फाईल. मास्क विसरू नका म्हणून वेगळं सांगते. घरच्या मास्कला किंवा नळीला बारीक भोकं असतात, त्यातून सोडलेली हवा बाहेर जाते. दवाखान्याच्या व्हेंटिलेटरचे काही मास्क बिनभोकांचे असतात, तसला मास्क घरच्या मशीनला जोडला तर सोडलेला कार्बन डायऑक्साईड परत आत. आणि ती भोकं फुसफुस आवाज करतात म्हणून कोणी चिकटपट्टी लावू लागलं तर हात धरा त्याचा. मी हे एकदा डोळ्यानं पाहिलंय, नर्सची काही चूक नव्हती, तिला वाटलं मास्क लीक होतोय.

108 ला फोन केला तर श्वासाचा पेशंट आहे, बायपॅपवर आहे, एएलएस गाडी पाहिजे असं स्पष्ट म्हणा. 2014 ला ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात 937 गाड्या होत्या, त्यातल्या व्हेंटिलेटरवाल्या एएलएस 233, बाकी 704 बीएलएस, म्हणजे तुमच्याकडं साधी गाडी यायची शक्यता जास्त, पण अंबू बॅग तिच्यात पण असते. गाडीत आडवं झोपवायचं नाही. स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू वर करायला लावा. स्वतःच्या गाडीत नेत असाल तर मागच्या सीटवर मागून कोणीतरी टेकू द्या, आणि मशीनला गाडीवर चालणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो का ते डीलरला आजच विचारा, रस्त्यात कळून उपयोग नाही.

कुठं जायचं ते पण आजच ठरवा. तुमच्याकडून परभणी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर असे रस्ते आहेत. जवळच्या दोन-तीन ठिकाणी बरं असतानाच जाऊन तीन प्रश्न विचारा, कॅज्युअल्टीत बायपॅप आहे का, एबीजी रात्री होतो का, आयसीयूला रात्री डॉक्टर जागेवर असतो का. तिन्हीला हो म्हणाले ते तुमचं ठिकाण, बिल्डिंग कशी आहे ते बघू नका. नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं मेडिकल कॉलेज, आणि लांब पडलं तरी संभाजीनगरची घाटी, इथं भूलतज्ज्ञ चोवीस तास असतात, गर्दी असते हे मान्य, पण श्वासाच्या पेशंटला गर्दीतनं पुढं घेतात जर तुम्ही नीट सांगितलं तर. अगदीच जवळ लहान दवाखाना असेल आणि पोरगं फार खाली गेलं असेल तर तिथं थांबून बायपॅप नाहीतर अंबू चालू करून मग पुढं निघा, नुसतं लांबच्या नादात रस्त्यात घालवू नका.

आता डॉक्टरशी बोलणं. तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळेस "तुम्ही आम्हाला शिकवणार का" असं ऐकावं लागलं. वाईट वाटलं वाचून. पण रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या पोरानं डुशेन पुस्तकातच वाचलेला असतो, एमबीबीएसला दोन पानं, तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस चिडतो. म्हणून बोलण्यापेक्षा कागद द्या. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पान लिहून घ्या, सही शिक्का, लॅमिनेशन, एक प्रत मशीनच्या बॅगेत, एक फोटो तुमच्या आणि वहिनींच्या मोबाईलमध्ये. डॉक्टर डॉक्टरच्या अक्षराला मान देतो.

त्या पानावर मला काय दिसायला पाहिजे ते सांगते. आजाराचं नाव, वजन, बायपॅपचा मोड आणि आकडे, बरा असतानाचा ऑक्सिजन आणि शेवटचा एबीजी. मग ठळक अक्षरात, बायपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन चालू ठेवू नये, गरज पडली तर बायपॅपच्या नळीत थोडा सोडावा आणि ऑक्सिजन चालू असताना बोटावरचा आकडा 88 ते 92 पर्यंत धरावा, 99 करायच्या मागं लागू नये, लवकर एबीजी करावा. झोपेचं इंजेक्शन, खोकला दाबणारं औषध नको, पोरगं तळमळतंय म्हणून झोपेचं दिलं की संपलं, ती तळमळ हवेसाठी असते. श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आलीच तर स्कोलीन (नळी टाकताना स्नायू सैल करायचं इंजेक्शन) वापरायचं नाही. डुशेनमध्ये स्कोलीननं रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढतं आणि हृदय थांबू शकतं, वासाची भूल पण टाळायची. हे वाक्य लाल रंगात. डेफ्लाझाकोर्ट किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी चालू असेल तर ते अचानक बंद होऊ नये, उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन द्यावं, नाहीतर बीपी खाली जातं आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. हृदय कमजोर असेल तर सलाईन जपून. आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी, सीपीके हे आकडे नेहमीच वाढलेले असतात, ते स्नायूतून येतात, काविळीचं समजून त्याच्या मागं लागू नये. काही घरात या आकड्यांमुळं लेकरांना गावोगाव काविळीचं औषध पाजत फिरवलेलं मी बघितलंय.

कॅज्युअल्टीत एक्सरे, ईसीजी, सोनोग्राफीसाठी आडवं झोपवतात. तिथं तुम्ही बोला, हात जोडून बोला पण बोला, अर्धवट बसवूनच करा म्हणा. या पाच मिनिटात पोरं ढासळतात. आणि मशीनवर असताना, दम असताना, माया म्हणून चहात बुडवून बिस्कीट भरवू नका, ते श्वासनलिकेत जातं.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, एक विशीतलं पोरगं दुसरीकडून आमच्याकडं आलं. मास्कमधून ऑक्सिजन फुल्ल, आकडा 100, बाप म्हणतो चार तास झाले शांत झोपलाय. हाक मारली, चिमटा घेतला, डोळे उघडेनात. मी त्याच्या आईला सहज विचारलं घरी काही मशीन वापरता का, तर तिनं बाकड्याखालून वायरची पिशवी ओढली, भाजीला नेतो ना तसली, त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बायपॅप. दोन दवाखान्यातून ती पिशवी तिच्यासोबत फिरली होती आणि कोणी विचारलं नाही, आणि तिला वाटलं आपलं घरचं मशीन इथं मोठ्या डॉक्टरांपुढं कशाला काढायचं. आम्ही तेच मशीन लावलं, दाब थोडा वाढवला, ऑक्सिजन पार कमी केला, नळी टाकायची तयारी करून बाजूलाच उभे राहिलो. दोन-अडीच तासांनी त्यानं डोळे उघडले आणि मास्कच्या आतून आईला पंखा जोरात कर म्हणाला. दादा, ती पिशवी बाकड्याखाली ठेवू नका. टेबलावर ठेवा, डॉक्टरच्या समोर.

प्रत्येक वेळी बायपॅपवर भागेल असं नाही, हे पण खरं बोलते. निमोनिया मोठा असला, बेडका फार असला, शुद्ध गेली, तर नळी टाकून व्हेंटिलेटर लागतो. "व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे माणूस गेला" हे आपल्याकडं डोक्यात बसलंय, या आजारात तसं नाही, छाती साफ झाली की नळी काढून थेट बायपॅपवर घेतात आणि बरीच पोरं घरी जातात. नळी काढायची घाई मात्र नको, आणि काढल्या काढल्या बायपॅप तयार पाहिजे, नुसता ऑक्सिजन देऊन बघू असं म्हणाले तर तो कागद परत दाखवा. नळी निघतच नसेल तर गळ्याला भोक पाडायचा विषय येतो, तो आयुष्यभराचा निर्णय असतो. हे सगळं कॅज्युअल्टीच्या दारात ठरवायचं नसतं. तुमचा पोरगा 19 चा आहे, सज्ञान आहे, कुठवर जायचं ते त्यालाच विचारा, बरा असताना, घरी, घाईत नाही. आईबापांना हे विचारणं फार जड जातं, मला माहितीय, पण मी ज्या पोरांशी बोललेय त्यातल्या बहुतेकांनी याचा विचार आधीच करून ठेवलेला होता, फक्त कोणी विचारायची वाट बघत होती.

खाली काही जणांनी मायस्थेनिया आणि जीबीएसचं विचारलंय, हे पण ताकद जाणारे, श्वासाचे स्नायू थकवणारे आजार, त्यांच्यासाठी थोडक्यात. जीबीएस म्हणजे 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जी साथ आली होती तो आजार (बातमीत नांदेड गाव यायचं, ते तिकडचं नांदेड, आपलं नाही, तेव्हा आमच्याकडं घाबरून फोन येत होते). या दोन्हीत श्वास काही तासात जाऊ शकतो, डुशेनसारखा हळूहळू नाही, म्हणून घरी अर्धा तास बघू हा नियम तिथं लावू नका. मोजणी 20 च्या खाली आली, गिळता येईना, आवाज नाकातून येऊ लागला, मान धरवेना, की थेट आयसीयू असलेल्या ठिकाणी. तिथं बायपॅपच्या भरवशावर फार वेळ थांबत नाहीत, नळी वेळेत टाकतात, ते योग्यच आहे. मायस्थेनियावाल्यांनी कागदावर औषधांची यादी पण घ्या, जेंटामायसिन, अ‍ॅमिकॅसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियम, यांनी ताकद अजून जाऊ शकते, आणि सर्दीतापाला यातलंच काहीतरी सर्रास लिहिलं जातं.

लाईट जाण्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते मी सुरुवातीला धरलं असतं. इन्व्हर्टर साईन वेव्हचा घ्या, त्यावर बायपॅपशिवाय काही जोडू नका, टीव्ही पण नाही, आणि मशीनमधलं ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवलं तर बॅटरी बरीच जास्त वेळ टिकते. बॅटरी पण संपली तर अंबू बॅग. घरात दोघांना तरी ती दाबता आली पाहिजे, त्याच्या श्वासाबरोबर, जोरात नाही, छाती थोडी वर येईल एवढीच. पोरगं बरं असताना, बसलेलं असताना, दहा-दहा मिनिटं सराव करा, तो सांगेल कमी झालं की जास्त झालं.

बायपॅपच्या मशीनवर आयपॅप (श्वास घेतानाचा दाब), ईपॅप (सोडतानाचा दाब) आणि रेट (मिनिटाला किती श्वास) असे तीन आकडे आहेत, ते आणि पोराचं आत्ताचं वजन लिहून पाठवा. दोन वर्षांपूर्वीचं सेटिंग अजून तेच असेल तर मला शंका आहे की रात्री त्याला हवा कमी पडतेय, आणि सकाळी डोकं दुखतं का तेही त्याला विचारून लिहा.